भरवशाचं पिस्तूल

११ जानेवारी १९५९, चांदूर बाजार

यांच्या कपाटात ही वही कोरी सापडली. मॅट्रिक झाल्यापासून मी असं काही लिहिलेलं नाही. पण घरात बोलायला कोणी उरलं नाही. भिंतीशी बोलण्यापेक्षा कागद बरा.

हे गेले पोळ्यानंतर. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर बसले ते बसलेच. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मूलबाळ नाही. पूर्वीची विधवा पोटापुरते दाणे घेऊन कोपऱ्यात बसायची. नव्या कायद्यानं बाग माझी आणि पूर्णेकडचं काळं वावरही माझं. दिरांना हे पचत नाही, असं दादा म्हणतो.

दादा आज अकोल्याहून आला. भगवंतदादा, माझा थोरला भाऊ. तिकडे कोर्टात एका वकिलाकडे मुनशी आहे, त्यामुळे कायदा त्याच्या जिभेवर असतो. जेवताना म्हणाला, "माणिक, तुले समजून राहिलं नाही. जानराव बाजारात हॉटेलात बसून काय बोलला, मालूम आहे? 'वयनीनं वावरात पाय ठेवला तं वापस घरी जानार नाही.'"

"तू ऐकलंस?"

"सांगनाऱ्यानं आयकलं. चार लोकांत बोलला तो. तुह्याजवळ काहीतरी हत्यार पाहिजे."

मी हसले. दादा हसला नाही.

जानराव माझे धाकटे दीर. यांच्या तेराव्याला सगळे उठून गेल्यावर मला म्हणाले होते, "वयनी, वावराचं काय करनं हाये?" एवढंच. पण कसं म्हणाले! उभा राहून, खांद्यावर रुमाल, डोळे जमिनीकडे. तेव्हाच मी काय ते ओळखलं.


२३ जानेवारी

पार्वताबाई निंदण-वेचणीच्या बायकांची मुकादमीण आहे. तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून ती कोणाच्या दारात वाकून उभी राहत नाही. मला ते आधी खटकायचं, आता बरं वाटतं. आज ओसरीवर बसून म्हणाली, "बाई, जानरावभाऊनं तुमच्या वावराचा धुरा बांधून काढला. पावसानं फुटला व्हता ना."

"आमच्या वावराचा बांध त्यांनी का घालावा?"

"माती वाहून जात व्हती मनून."

मी म्हटलं, धुरा बांधायच्या निमित्तानं दोन हात आत आले असतील. पार्वताबाई म्हणाली, "जाऊन पाहा ना मंग." मी गेले नाही. एकटीनं कशी जाऊ?


९ फेब्रुवारी, अमरावती

कलेक्टर कचेरीत आज लायसनसाठी गेलो. साहेब तरुण होता. त्यानं मला खालून वर पाहिलं. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. "बाई, रात्री घरात गडी झोपवा. पिस्तूल कशाला?" दादानं उत्तर दिलं, दिराच्या धमक्या, एकटी बाई, एवढी इस्टेट. साहेबानं मला विचारलं, "दीर तुम्हाला स्वतः काही बोलला?" दादा म्हणाला, "साहेब, बोलून कोनी मारते काय?" मला ते उत्तर पटलं. साहेबालाही पटलं असावं, त्यानं कागद पुढे सरकवले. पोलीस चौकशी होईल म्हणाला.

दुपारी दादानं उसाचा रस पाजला. यांच्यानंतर माझ्यासाठी इतकं कोणी धावलं नव्हतं.


१८ मार्च, अमरावती

लायसन मिळालं. दादाबरोबर अब्बासभाईंच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे पुढे कुलपं, खिळे, पावशी आणि मागच्या खोलीत बंदुका. अब्बासभाई म्हातारे बोहरी आहेत, दाढी मेंदीनं रंगवलेली. बाईमाणूस पाहून त्यांना नवल वाटलं नाही, याचं मला नवल वाटलं.

"बाईसाब, पहले ये बोलो, ठेवनार कुठं? घरात की अंगावर?"

"अंगावर. कोणाला दिसता कामा नये."

"मग बंदूक गेली. मोठं रिवॉल्वर गेलं." त्यांनी तीन हत्यारं गादीवर मांडली. पहिलं एक छोटं रिवॉल्वर. ते म्हणाले, भरवशाचं हेच, एक गोळी फुसकी निघाली तर पुन्हा घोडा दाबायचा, पुढची येते. पण त्याचं पोट फुगीर. मी आत जाऊन लुगड्याखाली कमरेला बांधून पाहिलं. आरशात पाचवा महिना लागल्यासारखी दिसले. विधवेच्या पोटाकडे गाव कसं पाहील! नको म्हटलं.

दुसरं चपटं पिस्तूल, दिसायला फार सुंदर, मुठीवर शिंपल्याचं काम. तिसरं काळं, ओबडधोबड, तळहातात मावेल एवढं. बेल्जमचं आहे म्हणाले. कोणा साहेबाच्या मडमेचं होतं, जाताना विकून गेली.

दादाला शिंपल्याचं आवडलं. अब्बासभाई म्हणाले, "पसंत डोळ्यानं नको करू. उद्या वडाळीच्या तलावामागं चला, चालवून पाहा."


१९ मार्च, अमरावती

आज आयुष्यात पहिल्यांदा गोळी झाडली. तलावापलीकडे खाणीचा खड्डा आहे. अब्बासभाईंनी मडकी मांडली. शिंपल्याचं पिस्तूल दोनदा उडालं आणि तिसऱ्यांदा अडलं. रिकामं टरफल अर्धं बाहेर, अर्धं आत. अब्बासभाईंनी ते झटकून काढलं, पुन्हा दोनदा उडालं, पुन्हा अडलं.

"घरात शोभेला ठेवायला अच्छा आहे," ते म्हणाले. "ज्याच्यावर जीव टाकायचा ते शंभर वेळा चाललं पाहिजे. नव्व्याण्णव वेळा चालनारं काय कामाचं?"

काळं मात्र एकदाही अडलं नाही. दोन पेट्या गोळ्या संपेपर्यंत मी झाडत राहिले. मनगट दुखून आलं. मडकी पाचच फुटली, पण ती पाच फुटताना मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. यांच्या मरणानंतर पहिल्यांदा पोटातली भीती गेली. अब्बासभाईंनी सांगितलं, गोळी लहान आहे, माणूस लांब असला तर उपयोग नाही. जवळ येऊ द्यायचा. घामानं गंजतं, रोज पुसायचं. गोळ्या दर वर्षी नव्या. आणि शेवटी म्हणाले, "बाईसाब, कमरेला लावलं की हात सारखा तिकडंच जातो. ते चांगलं नाय. हात कामात ठेवा."

काळंच घेतलं.


२ एप्रिल, चांदूर बाजार

पिशवी करण्यात आठवडा गेला. आधी कनवटीला खोचून पाहिलं. वाकलं की सरकतं. मग व्यापारी पैशांची लांब थैली बांधतात तशी जाड खादीची पिशवी शिवली, कमरेला नाडी, लुगड्याच्या आत डाव्या बाजूला. निऱ्यांच्या शेजारी शिवण उसवून हात आत जाईल एवढी वाट ठेवली. उभी असले तर चटकन निघतं. जात्यावर बसले तर मात्र मांडीत रुततं. रोज सकाळी दार लावून काढायची आणि परत ठेवायची सवय करते. आता डोळे मिटूनही जमतं.

दादा आला होता. म्हणाला, "यंदा वावर तू पाहू नको. जिवाशी खेळ आहे. माह्या साळ्याले, देवीदासले, एक साल बटईनं देऊन टाक. आपला माणूस आहे. दिराले त्याच्या अंगावर जायची हिंमत नाही व्हनार."

मी म्हटलं, पिस्तूल आहे ना आता, मग मी जायला काय हरकत?

दादा म्हणाला, "हत्यार जीव वाचवाले असते माणिक, कपाशी पेराले नाही."

बोलण्यात दम आहे. पीक वाटून घ्यायच्या बोलीवर सही करून दिली. देवीदास मला फारसा आवडत नाही, सारखा दात कोरतो. पण वहिनीचा भाऊ आहे, परका नाही.


७ जून

जाऊ आली होती, जानरावांची बायको मैनाबाई. पदराखाली आंबे आणि कुरडयांचा डबा. "बाई, तुमच्या घरी यंदा वाळवन नसन झालं मनून आणलं." मी आत घेतलं. नाही कसं म्हणणार? तिचा डोळा माझ्या हातावर होता.

"पोट दुखते काय बाई? हात कमरीलेच हाये तुमचा मघापासून."

"काही नाही."

"वावरात देवीदासनं तिफन घातली. आमच्या याईले आधी एक शब्द तं सांगाचा. ते दोन जोड्या घेऊन उभे व्हते तुमच्या पेरनीसाठी."

म्हणजे जोड्या घेऊन वावरात शिरायची तयारी होती! दादानं वेळेवर सांगितलं म्हणून बरं. मैनाबाई गेल्यावर आंबे पार्वताबाईला देऊन टाकले. विष घालतील असं नाही, पण घास गेला नसता.


३ सप्टेंबर, पोळा

संध्याकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज दारापर्यंत आला. जानराव आपली जोडी घेऊन आले होते. हे होते तेव्हा दोघा भावांच्या जोड्या याच दारात पूजेला यायच्या. मी दाराच्या आत उभी होते, पिशवीत हात घालून. बाहेरून हाक आली, "वयनी, बैलाले घास द्या." मी आवाज केला नाही. पुन्हा हाक आली. मग कडी वाजली. माझ्या बोटांना लोखंड गार लागत होतं. थोड्या वेळानं घुंगरं निघून गेली.

पुरणाची पोळी केलीच नव्हती. देणार तरी काय होते?


२२ नोव्हेंबर

मी वाचले.

दिवाळीपासून जानरावांनी दोनदा कडी वाजवली, मी उघडली नाही. वेचणी सुरू झाली पण देवीदास कापूस घरी आणेना. विचारलं तर म्हणतो, दादाले इचारा. म्हणून दुपार कलल्यावर मी एकटीच वावरात गेले. पिस्तूल होतं म्हणूनच गेले. कापूस वेचून झालेला, झाडं रिकामी. कपाशीतल्या तुरीचा पट्टा डोक्याएवढा वाढलेला. मी धुऱ्यावरून चालले होते. तूर हलली आणि जानराव आडवे आले. उजव्या हातात विळा. "वयनी, थांबा," म्हणाले. मी मागे सरले. ते पुढे आले. "थांबा मनतो ना!" आवाज चढलेला. आणि हात वर केला.

कसं काढलं आठवत नाही. रोजची सवय. ते तीन पावलांवर होते. गोळी उडाली, ते खाली बसले, विळा पडला. दुसरी गोळी मी झाडली नाही. त्यांनी उजवा हात छातीशी धरला होता आणि माझ्याकडे पाहत होते. ओरडले नाहीत. मी घरापर्यंत पळत आले.

अब्बासभाईंनी खरं सांगितलं होतं. अडलं नाही.


२४ नोव्हेंबर

दादाला तार केली, तो आला. सगळं ऐकून त्यानं माझी पाठ थोपटली. "सुटली तू. आता त्याच्यावर खटला. हातात विळा, सुनसान जागा. सात साल आत जाते." मला कळेना, त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता की काळजी. माझ्या भावाला मी जिवंत आहे याचा आनंद होणारच.

जानरावांना अमरावतीला मोठ्या दवाखान्यात नेलं आहे. फौजदार उद्या त्यांचा जबाब घेऊन इथे येणार. दादानं मला काय बोलायचं ते दोनदा म्हणवून घेतलं.


२५ नोव्हेंबर

फौजदार आले, ओसरीवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "बाई, हत्यार असं कोणाच्या हातात द्यायचं नसतं."

मी रिकामा तांब्या उचलला.

"जानराव म्हणतात, वहिनीला म्हटलं, पाहू द्या कसं आहे, आणि माझ्याच हातानं उडालं. तुमची काही तक्रार आहे?"

दादा मध्ये बोलायला लागला. फौजदार म्हणाले, "मी बाईंना विचारतो आहे." मी दादाकडे पाहिलं. मग म्हणाले, तक्रार नाही. का म्हणाले, मला ठाऊक नाही. फौजदार गेल्यावर दादा ज्या शब्दांत बोलला ते आई ऐकायला नाही हे बरं. जेवला नाही. संध्याकाळच्या मोटारनं परत गेला.

जानराव खोटं का बोलले? कसला डाव आहे?


३० नोव्हेंबर

पार्वताबाई आज उभ्यानंच बोलली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, तुमाले कोनी सांगलं नसन तं मी सांगतो. पटवाऱ्यानं पेऱ्याच्या कागदाले देवीदासचं नाव लावलं. बटईदार नाही, कूळ मनून. आता कायद्यानं वावर तो सोडत नाही. जानरावभाऊले चावडीत समजलं. दोन डाव तुमच्या दारावर आले, तुमी दार उघडलं नाही. त्या दिवशी तुरीतून पाह्यलं तुमाले, तं वैरन टाकून तुमच्याकडे पळाले. तेच सांगाले."

"हातात विळा होता."

"वैरन का दातानं कापतेत?"

मी म्हटलं, हात वर केला होता त्यांनी.

"देवीदास पल्याडच्या धुऱ्यावर उभा व्हता. त्याले दाखवत व्हते. मी तिथंच व्हतो बाई, आमी बाया तुरीच्या आडून शेंगा खुडत व्हतो. आमी समद्याईनं पाह्यलं." मग तिनं आपला उजवा तळवा पुढे केला. "हातातून गोळी पार झाली. दोन बोटं काळी पडली, ते कापले. आंगठा हालत नाही. नांगरावरचा हात व्हता तो."

ती गेल्यावर मी पिशवी सोडून ठेवली. कमरेवर नाडीचा वळ उठला आहे. पुष्कळ दिवसांचा असावा. आज दिसला.


४ डिसेंबर, अकोला

दादाच्या घरी जाऊन आले. म्हणजे, जाऊन परत निघाले, आता स्टेशनवर गाडीची वाट पाहत लिहिते. देवीदास तिथेच होता, खाटेवर, दात कोरत. वहिनीनं चहा ठेवला.

मी विचारलं, "कूळ म्हणून नाव तू लावायला सांगितलंस?"

दादा म्हणाला, "तुह्या भल्यासाठी. उद्या तू मेली तं वावर जानरावच्या पोराईले जाईन. हे आपल्या घरात तं राहिलं."

"मी मेले नाही अजून."

"म्हातारपनी तुले पोसनार कोन? मीच ना? मंग वावर माह्याजवळ काय, तुह्याजवळ काय."

"बाजारातल्या हॉटेलात जानराव ते बोलले होते का?"

दादानं बशीत चहा ओतला. वहिनीकडे पाहिलं. "असंन बोलला," म्हणाला. "लोक काय काय बोलतेत."

पिस्तूल कमरेला होतं. सवयीनं सकाळी बांधलं होतं. हात तिकडे गेला आणि तसाच राहिला. या माणसानं मला पाटी धरून मुळाक्षरं शिकवली. मी चहा प्यायले. खरंच प्यायले. कप विसळूनही ठेवला, आईच्या घरी ठेवायची तसा. आणि उठून आले.


१२ डिसेंबर, चांदूर बाजार

जानराव दवाखान्यातून घरी आले. मी गेले. मैनाबाईनं दारातून बाजू दिली, बसा म्हणाली नाही. ते अंगणात बाजेवर होते, हात गळ्यात बांधलेला. मी पाय धरायला वाकले तर पाय आखडून घेतले.

"वयनी, एक सांगा. मी तुमाले कधी वाकडं बोललो?"

मी आठवत राहिले. लग्न होऊन आले तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोरगे होते. मी माहेरी निघाले की माझी पेटी डोक्यावर घेऊन मोटारीपर्यंत यायचे. तेराव्याचं ते एक वाक्य होतं. वावराचं काय करनं हाये. आज पहिल्यांदा ऐकलं तसं वाटलं. पेरायचं की पडीत ठेवायचं, एवढंच विचारत होते ते.

"नाही," मी म्हटलं.

"माह्या तोंडून काही आयकलं होतं काय?"

"नाही."

"मंग?"

मी म्हटलं, खोटं का सांगितलंत फौजदाराला? ते म्हणाले, "भावाची बायको जेलात धाडू काय? लोकं त्याच्या नावावर थुकले असते." माझ्यासाठी नव्हतं ते. त्यांच्या भावासाठी होतं.


१६ मार्च १९६०

तहसीलदारांपुढे आज सुनावणी झाली. देवीदास कूळ आहे की एका सालचा बटईदार, एवढाच प्रश्न. माझ्या बाजूनं पार्वताबाईनं ठणठणीत सांगितलं, मजुरी बाई देत होत्या, बियाणं बाईंचं. मग जानराव उभे राहिले. त्यांना यायची गरज नव्हती. मी सांगायला गेले नव्हते, माझं तोंड नव्हतं. स्वतः आले. म्हणाले, वावर माझ्या भावाचं, बापापासून आम्हीच वाहत आलो, कूळ इथे कधी नव्हतं.

समोरच्या वकिलानं विचारलं, "तुमचा हात कशानं गेला?"

मागच्या बाकावर दादा बसला होता. प्रश्न त्यानंच शिकवलेला, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. जानरावांनी खरं सांगितलं तर मी जेलात. खोटं सांगितलं तर शपथेवर खोटं.

"माह्याच हातानं उडाली," ते म्हणाले.

"बाईंनी झाडली नाही?"

"नाही."

मग मला उभं केलं. तोच प्रश्न. खरं बोलायचं ठरवून आले होते. पण मी खरं बोलले असते तर ते खोटे ठरले असते. त्यांची बाकीची साक्षही गेली असती, वावरही. मी वकिलाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. म्हणाले, "ते सांगतात तसंच."

बाहेर पडताना जानराव माझ्या पुढून गेले. थांबले नाहीत. डाव्या हातानं जोडा घालायला त्यांना वेळ लागत होता. मी उभी राहिले. मदत करायला वाकता आलं नाही.


२ मे

निकाल लागला. वावर माझं. गावात नव्या राज्याचे पेढे वाटताहेत, शाळेतली मुलं झेंडे घेऊन फिरताहेत. वाण्यानं मलाही पेढा दिला. त्याला वाटलं, मी निकालाच्या आनंदात आहे.


२० मे, अमरावती

पिस्तूल परत द्यायला अब्बासभाईंकडे गेले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, नळी डोळ्याला लावली. "चांगलं ठेवलं. एकदम साफ. का विकता बाईसाब? माल खराब निघाला?"

"नाही. चांगला निघाला."

"अडलं तर नाही ना कधी?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाच चालवायची वेळ आली."

अब्बासभाईंनी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं आणि पैसे मोजले. पिशवी तिथेच टाकून आले.


२१ जून, चांदूर बाजार

अर्धं वावर जानरावांच्या मुलांच्या नावे करते, असा निरोप मी धाडला होता. मैनाबाईनं उलट निरोप दिला, "आमाले गोळीची किंमत नोको."

आज सकाळी वावराकडून तिफणीचा आवाज आला. गेले. जानराव माझ्या वावरात पेरत होते. कोणी बोलावलं नव्हतं. मी धुऱ्यावरून म्हटलं, "भाऊजी, गडी लावला असता मी." ते बैलांना म्हणाले, "चाल रे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भावाचं वावर पडीत नाही ठेवत कोनी."

तिफणीमागं चालून तिच्यावरच्या चाड्यात सरकी सोडायला मैनाबाई होती. ऊन चढलं, तिला धाप लागली. मी पुढं झाले आणि तिच्या ओटीतली सरकी घ्यायला हात केला. तिनं ओटी मुठीत आवळली.

"राहू द्या बाई. तुमी बसा तिकडं."

मी धुऱ्यावर बसले. दुपारी तिनं भाकर सोडली, दोघं बाभळीखाली जेवले. मग पुन्हा पेरणी. डाव्या हातानं तिफण दाबली जात नव्हती. बैल ओढतील तिकडे जात होती. ते दर वेळी दात खाऊन सरळ करायचे आणि ती पुन्हा सरकायची.


९ जुलै

कपाशीची पऱ्हाटी उगवली. वावर सडकेला लागून आहे, जाणारा-येणारा पाहतो. आजूबाजूच्या वावरांतली पेरणीची तासं दोरी लावल्यासारखी आहेत. माझ्या वावरातली वाकडी गेली आहेत, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, एकही सरळ नाही.

आज बाजाराला जाणारी एक बैलगाडी थांबली. गाडीवाला परगावचा होता. मला विचारतो, "माय, हे कोनं पेरलं वो? हात नव्हता काय त्याले?"

मी म्हटलं, "माझ्या दिरानं पेरलं."

तो गाडी हाकून गेला. आता वेचणी होऊन पळाट्या उपटेपर्यंत ही तासं अशीच दिसणार.